चाळीसांपैकी आठच मुलं रंगतात, बाकीच्यांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तेरा-चौदा वर्षांची चाळीस मुलं, प्रोग्रॅमिंगचे आठवड्याला दोन तास, भाषा पायथन. आठ-दहा जण रंगून काम करतात आणि त्यांत जवळपास सगळे मुलगे. उरलेले फळ्यावरचं उतरवून घेतात आणि घड्याळाकडे बघतात. गोडी लागावी म्हणून तुम्ही गेम बनवायला दिलात, तर तेच आठ-दहा आणखी पुढे निघून गेले. बाकीच्यांना गोडी कशी लावायची?

मला ‘गोडी नाही’ हे निदानच पटत नाही. या वयाचं मूल ‘बोअर होतं’ म्हणतं तेव्हा बरेचदा त्याला म्हणायचं असतं की ‘मला जमत नाहीये आणि ते चारचौघांत दिसतंय’. तुमच्या आठ-दहा जणांनी घरी आधीच काहीतरी करून पाहिलेलं असणार. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं उत्तर येतं. बाकीची तीस मुलं त्या वेगाला हुशारी समजतात आणि दोन-तीन आठवड्यांत ठरवून टाकतात की हे आपलं काम नाही. एकदा ते ठरलं की गेम द्या नाहीतर रोबो द्या, फरक पडत नाही. गोडी आधी लागते आणि मग जमायला लागतं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे: थोडं जमायला लागलं, ते आपल्या एखाद्या कामाचं दिसलं, की गोडी मागून येते. त्यामुळे मी सगळा जोर पहिल्या चार आठवड्यांवर देतो.

‘काहींच्या रक्तातच असतं’ हा समज शिक्षकांमध्येही घट्ट आहे. एलिझाबेथ पॅटिट्सास आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एका मोठ्या विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांतल्या ७७८ वर्गांचे निकाल तपासले. गुणांच्या आलेखात ‘जमणारे’ आणि ‘न जमणारे’ असे दोन वेगळे उंचवटे असल्याची चाचणी त्यांपैकी फक्त ५.८ टक्के निकालांनी पार केली. म्हणजे दोन जाती नाहीत, आधी सुरुवात केलेले आणि न केलेले आहेत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. मधल्या काळात अभ्यासक्रम सोपा केलेला नव्हता. प्रवेशात आधीच्या प्रोग्रॅमिंगला दिलेलं वजन कमी केलं आणि अनुभवानुसार सुरुवातीचे वेगवेगळे वर्ग ठेवले, हे त्यातले दोन मोठे बदल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. विषय ऐच्छिक असेल तर अर्धी लढाई वर्ग सुरू होण्याआधीच हरलेली असू शकते. ‘गेम बनवायला या’ अशी सूचना लावली की गेमवालेच येतात. मानसशास्त्रज्ञ सप्ना चेरियन यांचं २००९ मधलं संशोधन सांगतं की खोलीत विज्ञानपटांची पोस्टर्स, शीतपेयांचे रिकामे डबे असा ‘गीक’, म्हणजे संगणकवेड्यांचा, पसारा असला तरी मुलींचा या विषयातला रस कमी नोंदवला जातो. तिथे साधी निसर्गचित्रं लावली की तसं होत नाही. भिंत बदलायला काहीच खर्च पडत नाही, म्हणून ते आधी करा. दुसरं, मुलं दहा-अकराच्या आतली असतील तर टाईप न करता स्क्रीनवर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं स्क्रॅच बरं. चौदाव्या वर्षी मात्र ते काहींना ‘लहान मुलांचं’ वाटतं, तिथे पायथनच ठेवा. तिसरं, यंत्रं किती आहेत. वीस असतील तर अजिबात हळहळू नका, त्याचं कारण पुढे येईल.

आता पहिला तास. संगणकाचा इतिहास नको, डेटा टाइप (माहितीचे प्रकार) नकोत, सॉफ्टवेअर बसवणं तर मुळीच नको. ते सगळं आदल्या दिवशी प्रत्येक यंत्रावर आपण उरकून ठेवायचं. मुलांसमोर रिकामी स्क्रीनही येऊ द्यायची नाही. कोऱ्या पानाची भीती आणि टंकलेखनाचा संथपणा या दोन गोष्टी तीस मुलांना पहिल्या वीस मिनिटांतच मागे टाकतात. कोलन (:) कुठे आहे हे शोधण्यात ज्याचा तास गेला, त्याच्या डोक्यात लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणं, कधी पोचणार?

त्याऐवजी चालणारा प्रोग्रॅम द्या, दहा-बारा ओळींचा. मी पायथनचा टर्टल वापरतो: स्क्रीनवरचं कासव पुढे जातं, वळतं आणि मागे रेघ सोडतं. कल्पना जुनी आहे, १९६७ च्या लोगो भाषेच्या घराण्यातली, पण अजून तिला तोड नाही, कारण चूक डोळ्यांना दिसते. ‘चार वेळा: १०० पुढे, ९० अंशांत उजवीकडे’ एवढाच गाभा. प्रोग्रॅम चालवण्याआधी प्रत्येकाने कागदावर काढायचं की काय उमटेल. पाच मिनिटं, गप्प बसून. मग चालवायचं. मग फक्त एक आकडा बदलायचा, पण बदलण्याआधी पुन्हा अंदाज लिहायचा. तासाच्या शेवटी प्रत्येकाच्या स्क्रीनवर स्वतःचं काहीतरी असतं आणि कुणीही शून्यातून एक ओळसुद्धा लिहिलेली नसते. हे फसवणं नाही. वाचायला आल्यावरच लिहायला येतं, हे भाषेच्या तासाला आपण मान्य करतो, इथेच विसरतो.

दुसऱ्या तासाला समभुज त्रिकोण मागा. बहुतेक जण ६० अंश लिहितील, कारण त्रिकोणाचा कोन ६० असतो हे पाठ आहे. तीन बाजू होतील पण आकृती बंद होणार नाही. अर्धा षट्कोन उघडाच राहील. इथे उत्तर सांगायचा मोह आवरा. एका मुलाला उठवून जमिनीवर त्रिकोण चालायला लावा आणि बाकीच्यांना विचारा की कोपऱ्यावर तो नेमका किती फिरला. कासव बाहेरच्या कोनातून वळतं, म्हणजे १२० मधून, हे शरीराला कळलं की ‘३६० भागिले बाजू’ हे सूत्र मुलं स्वतः काढतात. पाच वेळा १४४ अंश वळवलं तर चांदणी. ती सापडल्यावर वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या.

एक खड्डा आधीच बुजवून ठेवा. फाईलला ‘टर्टल’ हेच नाव दिलं तर पायथन आपला टर्टल सोडून मुलाचीच फाईल उघडतो, आणि येणारी एरर अशी गूढ असते की मूल स्वतःलाच दोष देतं. फाईल्सची नावं तुम्हीच ठरवून द्या.

पुढचा क्रम साधारण असा. पहिला आठवडा अंदाज आणि चालवणं. दुसरा आठवडा बदलणं. तिसऱ्या आठवड्यात विस्कटलेल्या ओळी: बरोबर प्रोग्रॅमच्या सहा ते नऊ ओळी पट्ट्यांवर छापून, मिसळून द्यायच्या आणि मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हा प्रकार मांडला, म्हणून त्याला पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. टंकलेखन नाही, स्पेलिंग नाही, निव्वळ क्रमाचा विचार. सुरुवातीला ओळींची आत सरकवलेली जागा पट्टीवरच छापून द्या. ती जमल्यावर मुलांनाच सरकवू द्या, आणि त्यानंतरच एखादी फसवी, नको असलेली ओळ मिसळा. तिन्ही अडचणी एकदम टाकल्या तर हा खेळही परीक्षाच होऊन बसतो. कोऱ्या फाईलपासून लिहिणं चौथ्या आठवड्यात, तेही आठ ओळींच्या आत.

आता विषयाची निवड, म्हणजे मुलं काय बनवतात. तुमचा गेम इथे अडखळला. गेम वाईट नाही, पण तो एकच दरवाजा होता आणि तो ज्यांच्यासाठी होता ते आधीच आत होते. एकच कौशल्य, समजा ‘लूप फिरवायचा आणि प्रत्येक घटकावर काहीतरी करायचं’, मी चार रूपांत तयार ठेवतो.

चित्र: प्रत्येक पिक्सेल (चित्राचा बारीक ठिपका) म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, ० ते २५५. प्रत्येक आकडा २५५ मधून वजा केला की निगेटिव्ह होतं. तिघांची सरासरी तिन्ही जागी लिहिली की कृष्णधवल. मुलांना स्वतःचे फोटो हवे असतात आणि तिथेच वर्ग ठप्प होतो: फोनमधला ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, पायथनचा साधा लूप त्यात बुडून जातो आणि मूल समजतं की आपलंच चुकलं. आधी चित्र २०० बाय २०० करून द्या. ४०,००० पिक्सेल क्षणात होतात.

आवाज: सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. प्रत्येकाला ०.५ ने गुणलं की आवाज मंद होतो, यादी उलटी केली की शब्द उलटे ऐकू येतात. दुपटीने वाढवताना सांभाळा. प्रत्येक आकडा १६ बिटांत साठवलेल्या ध्वनीत वरची मर्यादा ३२,७६७ आहे. ती ओलांडली की एकतर एरर, नाहीतर कडकडाट. तो कडकडाट का होतो यावर अर्धा तास सहज जातो आणि तो अर्धा तास वाया गेलेला नसतो.

मजकूर: कवितेत कोणता शब्द किती वेळा आला, कुठलं अक्षर सगळ्यांत जास्त. ज्यांना भाषा आवडते ती मुलं इथे जागी होतात. ‘नमस्कार’ या शब्दाची लांबी पायथनला विचारा: तो ७ सांगतो. आपण न, म, स्का, र अशी चार अक्षरं मोजतो. काना आणि हलन्त चिन्ह संगणक वेगळं मोजतो, हे शोधून काढायला एरवी कोपऱ्यात बसणारी मुलं पुढे आलेली दिसतील.

चौथं रूप तक्त्याचं: पावसाच्या नोंदी, सामन्यांचे गुण, वर्गाने स्वतः भरलेली झोपेच्या तासांची यादी. यावर जास्त लिहीत नाही, बहुतेक शिक्षकांना हे सुचतंच.

एका वेळी तीनच पर्याय द्या. दहा दिले की अर्धा तास निवडण्यात जातो आणि मित्राने घेतलं तेच घेतलं जातं. तिन्हींचं मूल्यमापन सारखंच हवं, नाहीतर गेमवाल्यांना ‘खरं’ प्रोग्रॅमिंग आणि बाकीच्यांना ‘हलकं’ असा अर्थ निघतो. आणि एक इशारा. ‘मुलींसाठी’ म्हणून फुलांची रांगोळी काढायला देऊ नका. मुलींना ते लगेच कळतं आणि बरोबरच राग येतो. पर्याय सगळ्यांसमोर ठेवा, कुणी काय घ्यायचं हे तुम्ही ठरवू नका.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात १९९९ पासून सगळ्याच विद्यार्थ्यांना संगणनाचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला, आणि मानव्यविद्या, वास्तुकला, व्यवस्थापन या शाखांतले जवळपास निम्मे त्यात गळत होते. २००३ मध्ये तिथले प्राध्यापक मार्क गझडियल यांनी त्यांच्यासाठी चित्र आणि ध्वनीवर आधारलेला वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. उत्तीर्णांचं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर गेलं. गझडियल यांनी नंतर प्रामाणिकपणे हेही लिहिलं की विद्यार्थी यामुळे जास्त शिकतात असा पुरावा मिळाला नाही. ते टिकून राहतात, एवढं नक्की. तुमच्या तीस मुलांसाठी आज टिकून राहणं हाच प्रश्न आहे.

इथवर दोन गोष्टी झाल्या: पहिली पायरी बुटकी ठेवणं आणि दरवाजे वाढवणं. तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक, कारण ती त्या आठ-दहा मुलांबद्दल आहे.

अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने सुरुवातीच्या अभ्यासक्रमाचे अनुभवानुसार दोन वर्ग केले, एक आधी प्रोग्रॅमिंग न केलेल्यांसाठी, एक केलेल्यांसाठी. त्यांना नावं दिली रंगांची, सोनेरी आणि काळा, म्हणजे कुणाला ‘कच्चा वर्ग’ वाटू नये. तुम्हाला दोन तुकड्या शक्य नसतील असं गृहीत धरतो. मग वर्गात फटकन तोंडी उत्तर देण्याची प्रथा बंद करा. प्रश्न फळ्यावर, चार पर्याय, एक मिनिट विचार, आणि मग सगळ्यांनी एकदम छातीजवळ बोटं दाखवायची, एक ते चार. शेजाऱ्याशी दोन मिनिटं चर्चा, पुन्हा बोटं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांच्या वर्गातून आलेली ही रीत आहे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच चर्चा लावा. त्याहून कमी असतील तर पुन्हा समजवा, जास्त असतील तर पुढे चला.

प्रश्न कसा असावा? उदाहरणार्थ: अ मध्ये ५ ठेवले, ब मध्ये अ ठेवला, मग अ मध्ये ७ ठेवले. आता ब किती? पर्याय ५, ७, १२ आणि एरर. बरीच मुलं ७ म्हणतात, कारण गणितातलं बरोबरचं चिन्ह त्यांना कायमचं नातं वाटतं. आणि गंमत म्हणजे घरी प्रोग्रॅमिंग केलेल्यांतलेही काही इथे चुकतात. ते चुकलेले वर्गाला दिसणं हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कामाचं.

सतत हात वर करणाऱ्याला वर्गात गप्प करू नका. तास संपल्यावर एकटं गाठून सांगा: ‘तुला हे येतं, मला माहीत आहे. तुझ्याशी याच्या पुढचं मला तासानंतर बोलायचंय. वर्गात मात्र इतरांना वेळ दे.’ आणि खरोखर बोला, नाहीतर ते मूल दुखावतं. त्याला ‘मदतनीस’ करून फिरवायची युक्ती मला पसंत नाही. तो कीबोर्ड ओढून घेतो, प्रोग्रॅम चालतो, आणि बसलेलं मूल आणखी लहान होतं.

आता वीस यंत्रांबद्दल. जोडीने काम करणं एकट्यापेक्षा चांगलं, पण नियमांसह. हुशार आणि कच्चा अशी जोडी लावू नका. साधारण सारख्या पातळीचे दोघं बसवा. एक टाईप करणार, दुसरा फक्त बोलणार, आणि सात-आठ मिनिटांनी घंटा वाजली की खुर्च्या बदलायच्या. खुर्च्याच बदला. नुसता कीबोर्ड सरकवला तर तो पुन्हा परत सरकतो. जोड्या दोन आठवड्यांनी मोडा.

एररचं भय हा वेगळाच विषय आहे. लाल अक्षरं दिसली की मूल खिडकी बंद करतं. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात दहा मिनिटं मुद्दाम मोडतोडीला द्या: चालणाऱ्या प्रोग्रॅममधला कोलन काढा, अवतरणचिन्ह अर्धवट सोडा, नावाचं स्पेलिंग बिघडवा, ओळ आत-बाहेर सरकवा. प्रत्येक वेळी आलेल्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचायची आणि वहीत तीन रकान्यांत लिहायची: संदेश, मराठीत अर्थ, उपाय. ओळ क्रमांकावर डोळे झाकून विश्वास नको हेही सांगा, कंस उघडा राहिला तर ३.१० च्या आधीचा पायथन बरेचदा त्याच्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. आणि ज्या चुकीवर एररच येत नाही ती वेगळी शिकवा: वापरकर्त्याने दिलेले ५ आणि ३ बेरीज करून ५३ होतात, कारण इनपुटमधून आलेलं सगळं मजकूर असतं, आधी त्याचा पूर्णांक करावा लागतो.

इंग्रजीची अडचण असेल तर टिपणं आणि स्क्रीनवर दिसणारा मजकूर मराठीत लिहू द्या. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या जागेचं) नावही देवनागरीत चालतं, पण दर ओळीला कीबोर्ड बदलावा लागतो आणि मुलं वैतागतात. नावं रोमन लिपीत, पण मराठी शब्दांची, हा मधला मार्ग बरा.

‘चॅटबॉट लिहून देतो, मग आम्ही का शिकायचं?’ हा प्रश्न येईलच. त्यावर भाषण नको. त्याने लिहिलेला दहा ओळींचा प्रोग्रॅम द्या आणि तोच जुना खेळ खेळा: चालवायच्या आत अंदाज लिहा, मग एक गोष्ट बदला. गुण देतानाही हेच. पहिल्या महिन्यात परीक्षा घेऊ नका. नंतर मुलाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये दोन मिनिटांत एक छोटा बदल समोर करायला सांगा. कॉपी कुणाची हे वेगळं शोधावं लागत नाही.

हे सगळं लागू पडतंय का, हे गलक्यावरून ठरवू नका. गलका आठ जणही करू शकतात. दर दुसऱ्या आठवड्याला एक चिठ्ठी घ्या: कुठे अडकलात, काय बदलून पाहिलंत, पुढे काय करून बघायचंय. चौथ्या आठवड्याच्या चिठ्ठ्यांमध्ये तिसऱ्या प्रश्नाची जागा कोणी कोरी सोडली ते बघा. पाचव्या आठवड्यात त्या मुलांच्या शेजारी जाऊन बसा, हात मागे ठेवून.